गुरुत्वाकर्षण आणि आकार : ग्रह गोल का होतात आणि डोंगर किती वाढू शकतात?

आकाशनिरीक्षक (धागाकर्ता)

गुरुत्वाकर्षणाविषयी बोलताना आपण बहुधा पडणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करतो आणि ग्रहांच्या कक्षांपाशी येऊन थांबतो. त्याच बलाच्या एका वेगळ्या कामाची चर्चा या धाग्यात व्हावी, अशी इच्छा आहे. हे बल वस्तूंना आकार देते, आणि तो आकार नीट वाचता आला तर वस्तूच्या पोटात काय आहे हेही सांगते.

न्यूटनने १६८७ साली मांडलेला नियम सर्वांना ठाऊक आहे : विश्वातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते; ही ओढ दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मात्र या नियमाचा एक परिणाम सहसा ठळकपणे सांगितला जात नाही. विद्युतबलात धन आणि ऋण प्रभार एकमेकांना निष्प्रभ करतात, त्यामुळे मोठ्या पदार्थात ते बाहेरून जवळपास जाणवत नाही. गुरुत्वाकर्षणात असे काही घडत नाही. ते फक्त ओढते, आणि पदार्थ जमत जाईल तसे ते साचत जाते. एखाद्या शिळेतील अणूंना जोडून ठेवणारे बंध त्या शिळेच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणापेक्षा अतिप्रचंड पटींनी बलवान असतात, म्हणूनच शिळा कोणत्याही वेड्यावाकड्या आकारात टिकून राहते. परंतु खडकाची ताकद ही त्या पदार्थाची ठरलेली मर्यादा आहे. गोळा मोठा झाला म्हणून ती वाढत नाही. उलट गोळ्याची घनता तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर केंद्रावरील दाब चौपट होतो. कुठेतरी अशी सीमा येतेच, जिथे आतला खडक स्वतःच्या भाराखाली सावकाश वाहू लागतो आणि उंचवटे खचून खळगे भरून निघतात.

ही सीमा नुसत्या गणितातली नाही, ती आपल्या सूर्यमालेत दिसते. सुमारे ३४ किलोमीटर लांबीचा एरॉस हा लघुग्रह लांबुळका आणि वाकडा आहे. सरासरी ५२५ किलोमीटर व्यासाचा वेस्टा गोलाच्या जवळ पोहोचला आहे, पण दक्षिण ध्रुवाजवळच्या महाकाय आघातविवरामुळे तो चपटा दिसतो. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा सीरिस मात्र व्यवस्थित गोल आहे. बर्फ खडकापेक्षा मऊ असल्याने बर्फाळ पिंडांत ही सीमा आणखी खाली येते. शनीचा मिमास हा उपग्रह ४०० किलोमीटरच्याही किंचित आत असून गोल आहे. तरीही याला काटेकोर नियम समजू नये, कारण नेपच्यूनचा प्रोटियस मिमासपेक्षा थोडा मोठा असूनही ओबडधोबड राहिला आहे. पिंड तयार होताना किती तापला होता आणि त्यानंतर त्याने कोणते आघात सोसले, यावरही बरेच अवलंबून असते.

गोल होण्याच्या या प्रक्रियेला स्वतःभोवती फिरण्यामुळे मुरड पडते. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर आहे. हा २१ किलोमीटरचा फरक न्यूटनने तत्त्वतः ओळखला होता. त्याला आधार होता तो झ्याँ रिशे या फ्रेंच निरीक्षकाच्या १६७२ मधील अनुभवाचा : पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, म्हणजे तेथे गुरुत्वत्वरण कमी होते. पुढे पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे की लांबट, या वादाचा निकाल लावण्यासाठी फ्रेंच अकादमीने १७३५ साली पेरूकडे आणि १७३६ साली लॅपलंडकडे मोहिमा धाडल्या, आणि मोजमापे न्यूटनच्या बाजूने निघाली. शनी तर साडेदहा तासांच्या आसपास एक फेरी पूर्ण करतो आणि त्याचा ध्रुवीय व्यास विषुववृत्तीय व्यासापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी आहे. लहान दुर्बिणीतूनही हा चपटेपणा लक्षात येतो.

जाणकारांनी भर घालावी आणि शंका निःसंकोचपणे विचाराव्यात.

पश्चिमघाट

लेख आवडला. मला डोंगरांविषयी विचारायचे आहे. उंचवटे खचतात असे आपण म्हणता, तरीही एव्हरेस्ट ८,८४८ मीटर उंच उभे आहेच. मंगळावरील ऑलिम्पस मॉन्स हा ज्वालामुखी तर सुमारे २२ किलोमीटर उंच आहे असे वाचले होते. मग ग्रहावर डोंगर किती उंच होऊ शकतो, याला काही मर्यादा आहे का?

आकाशनिरीक्षक (धागाकर्ता)

पश्चिमघाट, मर्यादा निश्चितच आहे. डोंगराच्या पायथ्यावर पडणारा दाब घनता, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतका असतो, आणि हा दाब पायथ्याच्या खडकाच्या सहनशक्तीपलीकडे गेला की डोंगर पसरू लागतो. मंगळावरचे गुरुत्वत्वरण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे, त्यामुळे त्याच खडकाचा डोंगर तेथे अडीचपटीहून जास्त उंच राहू शकतो. एव्हरेस्ट आणि ऑलिम्पस मॉन्स यांच्या उंचीचे गुणोत्तर याच्या जवळ जाते.

ओळंबा

धागाकर्त्यांचे मूळ विवेचन योग्य आहे, पण शेवटच्या प्रतिसादातील गुणोत्तरावर फार भर देऊ नये असे मला वाटते. ऑलिम्पस मॉन्स एवढा वाढण्यामागे दुसरे मोठे कारण आहे. मंगळावर पृथ्वीसारखे सरकणारे भूपट्ट नाहीत, त्यामुळे खालून येणारा लाव्हा अतिदीर्घ काळ एकाच जागी ओतला गेला. पृथ्वीवर हवाईखालचा पट्ट सरकत असल्याने तिथे बेटांची रांग तयार झाली. शिवाय पृथ्वीवरचे डोंगर केवळ पायथ्याच्या बळावर उभे नाहीत, ते तरंगत आहेत. हे ज्या मोजणीतून उलगडले ती भारतात झाली, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातील सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेला मुझफ्फरनगर भागातील कालियाना, अशी जवळपास एकाच रेखांशावरची दोन ठाणी होती. त्यांच्यातील अंतर ६०० किलोमीटरच्या आसपास आहे. दोन्ही ठाण्यांच्या अक्षांशांमधील फरक दोन पद्धतींनी काढला गेला. पहिली पद्धत जमिनीवरच्या त्रिकोणांच्या साखळीची, आणि दुसरी ताऱ्यांच्या वेधांची. ताऱ्यांचा वेध घेताना ‘सरळ वर’ म्हणजे कोणती दिशा, हे ओळंबा ठरवतो. दोन उत्तरांत ५.२३६ विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) तफावत आली. जमिनीवर हे अंतर सुमारे १६० मीटर भरते, आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या कारकिर्दीतील मोजणी इतकी काटेकोर होती की एवढी तफावत नजरेआड करणे कोणालाही शक्य नव्हते.

कलकत्त्याचे आर्चडीकन आणि गणिती जॉन प्रॅट यांनी असा विचार केला की, हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असले पाहिजे, आणि कालियाना हिमालयाला जवळ असल्याने तेथे ही ओढ अधिक असली पाहिजे. डोंगर ओळंब्याला ओढतो हे नवे नव्हते. १७७४ साली स्कॉटलंडमधील शिहॅलियन पर्वतापाशी नेव्हिल मॅस्केलिन यांनी ते मोजूनच पृथ्वीच्या सरासरी घनतेचा अंदाज बांधला होता. प्रॅट यांनी हिमालय आणि तिबेटच्या पठाराच्या वस्तुमानाचा हिशेब मांडला, आणि उत्तर १५.८८५ विकला आले. प्रत्यक्षातील तफावत याच्या एकतृतीयांश होती. म्हणजे हिमालय जेवढा दिसतो तेवढा ओढत नव्हता.

१८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रॅट यांचे हे गणित प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी त्याचे उत्तर सुचवले. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो ओंडका पाण्याबाहेर अधिक उंच दिसतो तो पाण्याखालीही अधिक खोल गेलेला असतो, तसेच उंच पर्वतांखाली हलक्या खडकाची खोल मुळे जड प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, रुतलेली असली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. या मुळांच्या ठिकाणी एरवी जड खडक असता. त्याऐवजी हलका खडक असल्यामुळे वस्तुमानाची तूट निर्माण होते आणि वरच्या डोंगराची ओढ मोठ्या प्रमाणात भरून निघते. प्रॅट यांनी नंतर स्वतःचा वेगळा खुलासा दिला, ज्यात उंच भागांखालील खडकाची घनताच कमी मानली होती. पुढे भूकंपलहरींच्या अभ्यासातून हिमालय आणि तिबेटखाली कवचाची जाडी ७० किलोमीटरच्या घरात असल्याचे दिसले. मैदानी प्रदेशात ती साधारण ३५ ते ४० किलोमीटर असते. हिमालयापुरता एअरी यांचा विचार खरा ठरला.

म्हणून पश्चिमघाट यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, पृथ्वीवर डोंगर वाढतो तेव्हा तो खालीही वाढतो, आणि नदी व हिमनद्या वरचा भाग झिजवतात तेव्हा खालचे मूळ उचलले जाते.

वाचनमात्र

ओळंबा, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. यावरून असे वाटते की पृथ्वीवर प्रत्येक ठिकाणी गुरुत्वाकर्षण थोडे वेगळे असले पाहिजे. हा फरक किती असतो, आणि त्याचा काही उपयोग होतो का?

ओळंबा

वाचनमात्र, विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रतिसेकंद वर्ग असते. हा फरक पृथ्वीच्या आकारामुळे आणि फिरण्यामुळे पडतो. खालच्या खडकांमुळे पडणारे फरक याहून पुष्कळच सूक्ष्म असतात, पण ते मोजता येतात आणि खनिजे व तेल शोधताना नेहमी मोजले जातात.

वारा आणि भरती-ओहोटी नसती तर समुद्राची पातळी गुरुत्वाकर्षणाला अनुसरून स्थिरावली असती. त्या कल्पित पृष्ठाला भूगर्भशास्त्रज्ञ जिऑइड म्हणतात. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात हे पृष्ठ आदर्श लंबगोलापेक्षा १०० मीटरहून अधिक खाली आहे. तो जगातील सर्वांत खोल खळगा आहे, आणि तेथून जाणाऱ्या जहाजाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण पाण्याची पातळी सगळीकडे स्थानिक ओळंब्याला काटकोनातच असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२३ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार त्याचे मूळ प्रावरणातील उष्ण, हलक्या प्रवाहांत आहे, आणि टेथिस या प्राचीन समुद्राच्या तळाचे जे पट्ट पूर्वी खोल बुडाले त्यांच्याशी हे प्रवाह जोडलेले आहेत. हा प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही, परंतु दिशा पटण्यासारखी आहे.

उपयोगाचे म्हणाल तर एक उदाहरण पुरे. २००२ साली सोडलेल्या ग्रेस मोहिमेतील दोन उपग्रह एकामागोमाग सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून फिरत होते. पुढचा उपग्रह अधिक वस्तुमानाच्या प्रदेशावर येऊ लागला की तो किंचित आधी ओढला जाई आणि दोघांमधील अंतर बदले. तेवढ्यावरून खालचे वस्तुमान महिन्यागणिक कसे बदलले हे काढता येत असे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाले होते. जमिनीखालून उपसलेले पाणी अवकाशातून मोजले गेले, याचे मला आजही विलक्षण अप्रूप वाटते.

आकाशनिरीक्षक (धागाकर्ता)

ओळंबा यांनी धाग्याची उंची वाढवली, त्यांचे मनापासून आभार. डोंगरांच्या उंचीच्या गुणोत्तराबाबतची त्यांची दुरुस्ती मान्य आहे.

चंद्राचे गुरुत्वाकर्षण तर आणखी खडबडीत आहे. १९६८ साली लूनर ऑर्बिटर यानांच्या मार्गांतील विचलनांवरून असे दिसले की चंद्राच्या मोठ्या वर्तुळाकार ‘समुद्रां’खाली जड पदार्थाचे साठे आहेत. अपोलो १६ मोहिमेने १९७२ साली सोडलेला एक छोटा उपग्रह याच असमान ओढीमुळे कक्षेतून ढळत जाऊन ३५ दिवसांत चंद्रावर आदळला. चंद्राभोवती कमी उंचीवरून फिरणाऱ्या बहुतेक यानांना त्यामुळे आपली कक्षा अधूनमधून सावरावी लागते.

भरतीरेषा

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर गेले. तेथील मच्छीमार तिथीवरून समुद्र ओळखतात : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. सूर्य चंद्रापेक्षा इतका प्रचंड मोठा असताना भरतीवर चंद्राचाच अंमल अधिक का, आणि चंद्राच्या विरुद्ध बाजूलाही भरती का येते, हे कोणी सांगावे.

आकाशनिरीक्षक (धागाकर्ता)

भरतीरेषा, फार चांगला प्रश्न. सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा सुमारे १८० पट जोराने ओढतो. परंतु भरती ही ओढीमुळे येत नाही, ओढीतील फरकामुळे येते. चंद्राकडील पाण्यावरची ओढ पृथ्वीच्या केंद्रावरील ओढीपेक्षा जास्त असते, म्हणून तेथील पाणी चंद्राच्या दिशेने फुगते. पलीकडच्या बाजूची ओढ केंद्रावरील ओढीपेक्षा कमी असते, म्हणून तेथील पाणी मागे राहते आणि तिकडेही फुगवटा दिसतो. हा फरक अंतराच्या घनाप्रमाणे घटतो, त्यामुळे दूरच्या सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी पडतो. अमावास्येला व पौर्णिमेला दोघांचे परिणाम एकाच रेषेत येतात आणि अष्टमीला काटकोनात, हे आपल्या मच्छीमारांचे गणित अगदी बरोबर आहे. प्रत्यक्ष उधाण तिथीनंतर एखाद-दोन दिवसांनी सर्वाधिक असते, आणि पाणी किती चढेल हे किनाऱ्याच्या ठेवणीवरही ठरते. मुंबईत पावसाळ्यातील मोठी उधाणे साडेचार मीटरच्या वर जातात, गोव्याकडे ती उतरत जातात, तर खंभातच्या निमुळत्या आखातात पाणी याच्या दुपटीहून अधिक चढते.

या भरतीचा दूरगामी परिणामही सांगितला पाहिजे. पृथ्वी चंद्राच्या परिभ्रमणापेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे पाण्याचा फुगवटा चंद्राच्या किंचित पुढे ओढला जातो. तो फुगवटा चंद्राला पुढे खेचतो आणि स्वतः पृथ्वीला मागे धरतो. परिणामी पृथ्वीचा दिवस शतकाला सुमारे २ मिलिसेकंदांनी लांबतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने दूर जातो. अपोलोच्या अंतराळवीरांनी तेथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर टाकून हे अंतर मोजले जाते. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म पोवळ्यांवरील वाढीच्या रेषा मोजल्या असता वर्षात जवळपास ४०० दिवस होते असे दिसते, आणि दोन्ही पुरावे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, हाही अशाच ओढीचा परिणाम आहे. पृथ्वीने त्याचे फिरणे फार पूर्वीच संथ करून ठेवले.

गुरूच्या आयो या उपग्रहावर तर हेच बल ज्वालामुखी पेटवते. युरोपा आणि गॅनिमीड यांच्या लयबद्ध ओढीमुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही, त्यामुळे गुरूची ओढ कमीजास्त होत राहते आणि आयोचा खडक सतत दाबला-ताणला जाऊन तापतो. मार्च १९७९ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी हे भाकीत प्रसिद्ध केले, आणि काही दिवसांतच व्हॉयेजर १ ने तेथील जागृत ज्वालामुखी टिपले.

वाचनमात्र

अवकाशस्थानकात ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ असते असे वर्तमानपत्रांत येते. आणि आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षण हे बलच नाही असे सांगितले, हेही वाचले आहे. मग वर जे बलाचे हिशेब आले आहेत, त्यांचे काय?

आकाशनिरीक्षक (धागाकर्ता)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तेथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. स्थानक आणि त्यातील माणसे एकत्रच पडत असतात. आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक असल्याने ती पृथ्वीला चुकवून पडत राहतात, आणि त्यांना आधार देणारी जमीन नसल्याने भार जाणवत नाही.

१९१५ च्या सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तुमान अवकाश आणि काळ दोघांनाही वक्र करते आणि मोकळी वस्तू त्या वक्र अवकाशकाळात शक्य तितक्या सरळ वाटेने जाते. ताणलेल्या कापडावर ठेवलेल्या गोळ्याचे चित्र सर्वत्र दाखवतात, पण त्यात काळाचा भाग गळून पडतो, आणि आपल्या परिसरात वस्तू पडण्यामागे प्रामुख्याने काळाची वक्रताच असते. हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे उंचीमुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक दुरुस्त केला नाही, तर जागा दाखवण्यातील चूक दिवसाला १० किलोमीटरच्या घरात वाढत जाईल. ग्रह, डोंगर आणि भरती यांच्यासाठी मात्र न्यूटनचे हिशेब पुरेसे अचूक आहेत, कारण तेथे वक्रता अतिशय सौम्य असते. बुध ग्रहाच्या कक्षेत शतकाला ४३ विकलांचा जो फरक उरत होता, तो आइन्स्टाइनच्या सिद्धांताने तंतोतंत भरून काढला.

मराठवाडी

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. तेथे गुरुत्वीय लहरी मोजणार एवढे कळले आहे. या धाग्यातील आकाराच्या विषयाशी त्याचा काही संबंध आहे का?

आकाशनिरीक्षक (धागाकर्ता)

मराठवाडी, संबंध अगदी थेट आहे. अवकाशकाळाची वक्रता वस्तूंच्या हालचालीबरोबर बदलते आणि तो बदल लहरीच्या रूपाने प्रकाशाच्या वेगाने पसरतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आलेली लहर प्रथम टिपली. वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या, लेसर खेळवणाऱ्या भुजांमध्ये त्या लहरीने घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पटींनी लहान होता. अशा मोजणीत लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे वेगवेगळ्या वेधशाळांत ती पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून ठरते, म्हणून अमेरिकेपासून इतक्या दूर, भूकंपीय दृष्ट्या शांत जागी आणखी एक वेधशाळा असण्याला मोठे महत्त्व आहे. या क्षेत्रातील विदा-विश्लेषणावर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत अनेक दशके काम झालेले आहे.

आता डोंगरांविषयी. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा. त्याचे वस्तुमान सूर्याहून अधिक आणि व्यास मात्र जेमतेम २० किलोमीटरच्या आसपास असतो. त्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या अब्जावधी पट असल्याने तेथील ‘डोंगर’ फार तर सेंटिमीटरच्या, आणि काही गणितांनुसार मिलिमीटरच्याही आतच राहतात. तरीही एवढा उंचवटा वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यावर एका बाजूला असेल, तर त्यातून अखंड गुरुत्वीय लहर निघाली पाहिजे. सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या मारणारा क्रॅब पल्सार हा न्यूट्रॉन तारा यासाठी बारकाईने तपासला गेला आहे. अशी अखंड लहर अद्याप सापडलेली नाही, पण ती न सापडण्यावरूनच हा तारा किती सपाट असला पाहिजे याची मर्यादा घालून देता आली आहे, आणि उपकरणे जसजशी संवेदनशील होतील तसतशी ही मर्यादा आणखी खाली येत जाईल.